मॅचिंग सेंटरमधला रंगांधळा

रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्यापुढे एक पुस्तक उघडून धरलं. पानावर रंगीत ठिपक्यांचा एक मोठा गोल होता.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"ठिपके."

"ठिपक्यांत आकडा कोणता आहे?"

मी बराच वेळ बघितलं. आकडा काही सापडेना. मला वाटलं, ही चिकाटीची परीक्षा असावी. "सर, मोजायचे का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग पुस्तक मिटून म्हणाले, "तुम्ही रंगांधळे आहात. लाल आणि हिरव्यात तुमचा घोळ होतो. पुढच्याला पाठवा."

चोवीस वर्षांचा होईपर्यंत मला हे माहीत नव्हतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण कसं कळणार? झाडं हिरवी असतात असं सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. चौथीत मी आंब्याचं खोड आणि पानं एकाच खडूनं रंगवली, तेव्हा गुरुजींनी वहीवर 'आळशी' असा शेरा मारला होता. आळशी मी होतोच, त्यामुळे पुढे कुणी चौकशी केली नाही.

लातूरला घरी पेढे आधीच वाटून झाले होते. रेल्वेभरतीची लेखी परीक्षा पास झालो एवढ्यावरच वडिलांना दम निघाला नव्हता. घरी येताना बसमध्ये मी ठरवलं, खरं सांगायचं नाही. 'रंगांधळा' या शब्दात 'आंधळा' आहे, आणि माझ्या लग्नाचा विषय नुकताच घरात निघू लागला होता.

"उंचीत बसलो नाही," मी सांगितलं.

वडील एका शाळेत क्लार्क होते. मोजमापाचा माणूस. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलीनं खूण केली आणि टेप लावला. "पाच फूट आठ इंच," ते म्हणाले. "रेल्वेला काय जिराफ पाहिजेत?"

मग मी दुसरं कारण दिलं. "खरं सांगू का बाबा, वशिला पाहिजे होता."

हे मात्र घरातल्या सगळ्यांना लगेच पटलं. इतकं पटलं की त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. पण त्यात एक भानगड झाली. आमच्या समोरच्या घरात रेल्वेत तिकीटबाबू असलेले एक काका राहायचे. वडील आणि ते रोज सकाळी सोबत फिरायला जायचे, येताना एकाच गाड्यावर चहा प्यायचे. "एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं?" असं म्हणून वडिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. काकांना कारण माहीत नव्हतं. सकाळी ते फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि वडील मागच्या दारानं निघून जायचे. मी खिडकीतून बघायचो आणि गप्प बसायचो. स्वतःबद्दल सांगण्यासारख्या गोष्टींत ही सगळ्यात वाईट, म्हणून आधीच सांगून टाकली.

महिनाभरानं नांदेडहून मामाचा फोन आला. मामाचं तिथं मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारं अस्तर, ब्लाउजपीस, फॉल, दोरे, लेस, गोंडे, हुक, भरतकामाच्या रेशमी लड्या, असं सगळं मिळणारं दुकान. मामा आईला म्हणाला, "पाठवून दे त्याला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, आपांना जाड चष्मा हाय. दुकानात एक तरी धड डोळेवाला माणूस पाहिजे."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बॅग भरली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर कापडाचे तागे दाटीवाटीनं उभे. लोक म्हणतात, आत शिरल्यावर रंगांनी डोळे दिपतात. मला ती भिंत एखाद्या जुन्या ग्रंथालयासारखी दिसायची. थोडं निळं, थोडं पिवळं, बाकी सगळं तपकिरी आणि राखाडीच्या मधलं काहीतरी. मामानं गल्ल्यावर बसल्या बसल्या चहूकडे हात फिरवत अभिमानानं विचारलं, "कसं काय वाटतंय?"

"लई रंगीत," मी म्हणालो.

दाराशी पिको-फॉलच्या मशीनवर आपा बसायच्या. साठीच्या, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरा बांधलेला, बोलणं अर्धं दखनी अर्धं मराठी. मामाच्या दुकानात त्या पंचवीस वर्षं होत्या. लग्नाच्या ब्लाउजवरचं आरीकामही त्याच करायच्या. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं आणि टोकाला आकडा असलेल्या सुईनं, म्हणजे आरीनं, साखळीसारखे टाके काढत जायचं. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी चष्म्यावरून मला बघितलं आणि म्हणाल्या, "ज़रा वो लाल रीळ दे बेटा."

मी रीळ दिलं. त्यांनी ते हातात फिरवलं, माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि ते मशीनशेजारी ठेवून दिलं.

मी कसा तगलो याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पहिली गोष्ट म्हणजे मी नावं पाठ केली. बायकांकडे रंगांची इतकी नावं असतात हे मला कुठं माहीत होतं? आमसुली, कोनफळी, डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, अबोली, गाजरी, शेवाळी, विटकरी, मेहंदी, राणी, रामा. दुपारी मामा पेंगायला लागला की मी वहीत ती उतरवून घ्यायचो. बहिऱ्यानं गाणी पाठ करावीत तसा प्रकार होता, पण पाठांतर माझं चांगलं होतं. फळ्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. 'दुकानाला शिस्त पाहिजे' असं मोठ्यानं म्हणून मी मामा आणि आपांकडून प्रत्येक खणाचं नाव विचारून घेतलं आणि चिठ्ठ्या डकवल्या. मामा खूश झाला. म्हणाला, "शिकलेल्या पोराचं डोकंच वेगळं चालतं."

दुसरं म्हणजे मी गिऱ्हाइकालाच विचारायचो. साडी काउंटरवर आली की मी ती हळुवार उलगडायचो, मान तिरकी करायचो आणि म्हणायचो, "ताई, तुम्ही याला काय म्हणाल?" ताई म्हणायच्या, "डाळिंबीच की हो." मग मी डाळिंबीच्या खणातून चार तागे काढायचो. त्यातला नेमका कोणता जुळतो हे ठरवायला मी ताईंना बाहेर फूटपाथवर न्यायचो. "ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो, उजेडात बघा." उजेडात मी कापडाकडे बघतच नसे, ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचो. भुवई जरा वर गेली की म्हणायचो, "हाच. मला आतच वाटलं होतं."

दोन वर्षांत माझं नाव झालं. उमरीहून, धर्माबादहून बायका यायच्या आणि मामाला बाजूला सारून म्हणायच्या, "तुमचा भाचा कुठंय? त्या पोराची नजर लई बारीक हाय." व्हॉट्सअॅपवर साड्यांचे फोटो यायला लागले. वाईट याचं की मलाही ते खरं वाटायला लागलं. मी एक डोळा मिटून कापड हातभर लांब धरायला शिकलो. 'जरा थंड वाटतो,' 'यात थोडी ऊब पाहिजे,' असली वाक्यं टाकायला लागलो. एकदा एका महिला मंडळात मी रंगसंगतीवर अर्धा तास बोललो. शेवटी टाळ्या झाल्या आणि मला गुच्छ दिला. गुच्छात कोणत्या रंगाची फुलं होती ते मला सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या दोन वर्षांत मी खरोखर शिकलो, ती आरीकाम. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आपांच्या चौकटीशी जाऊन बसायचो. एक हात कापडाखाली दोरा धरून, दुसरा वर आरी घेऊन. पहिले काही दिवस माझ्या टाक्यांकडे बघून आपा नुसत्या हसायच्या. मग हळूहळू साखळी सरळ यायला लागली. पानाच्या शिरा कुठून वळवायच्या, टाका कुठं आखूड करायचा म्हणजे कडा गोल येते, हे हाताला कळायला लागलं. आपा म्हणायच्या, "हाथ अच्छा है तेरा." दोरा मात्र त्या स्वतः निवडून, ओढून माझ्या हातात द्यायच्या. मला वाटायचं, ही उस्तादांची रीत असणार.

त्या वर्षी लातूरच्या मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं. म्हणजे मामाची भाची, माझी धाकटी मावसबहीण. शाळेत शिकवते, तोंडानं फटकळ आहे आणि लहानपणापासून माझी खोडी काढण्यात तिला आनंद वाटतो. सगळी मंडळी जमलेली असताना मी जाहीर केलं, "अंतरपाट मी भरून देणार. स्वतःच्या हातानं."

नवरा-नवरीच्या मध्ये धरायचा तो पडदा. हल्ली त्यावर भरतकाम करून घ्यायची पद्धत आहे. मावशीचे डोळे भरून आले. बहीण म्हणाली, "दादा, नमुना दाखव की आधी."

"नमुना न्हाई, काही न्हाई," मी म्हणालो. "एकदम मांडवातच बघायचा. सरप्राइज."

बेत असा होता की आपा मला मदत करतील. पण लग्नाच्या दीड महिना आधी किनवटहून फोन आला. त्यांच्या लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिथं करायला कुणी नव्हतं. आपा निघाल्या. जाताना चौकटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मैं आने तक रंग मत भर. सिर्फ खाका बना." खाका म्हणजे कागदावर नक्षी काढून रेषेवर टोचणीनं भोकं पाडायची आणि त्यावरून पूड चोळून ती कापडावर उतरवायची. मी हो म्हणालो.

खाका चार दिवसांत झाला. वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली समोरासमोर बसलेले दोन पोपट, मध्ये 'शुभमंगल' अशी अक्षरं. तो इतका सुंदर उतरला की पुढं थांबवेना. शिवाय मी तेव्हा नजर बारीक असलेला माणूस होतो. आपांची दोऱ्यांची पेटी काढली. त्यातल्या लड्यांवरचे नंबरांचे कागद त्यांनी कधीच काढून टाकलेले होते. मी अंदाज केला. पोपटाला उजळ रंग, पानाला गडद रंग, चोचीला मधला. दुकानातल्या माळ्यावर दिवसाउजेडी बसून महिनाभर मी भरत होतो. एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. पंखांचं एकेक पीस वेगळं दिसत होतं. झाल्यावर मामाला दाखवलं. मामानं तो दोन्ही डोळ्यांजवळ नेला, दूर नेला आणि म्हणाला, "लई सुंदर. अगदी जिवंत पोपट. मला नीट दिसून न्हाई राहिलं, पण कळतंय."

त्याच महिन्यात दुकानात तक्रारी यायला लागल्या होत्या. उमरीच्या एक बाई पिशवी काउंटरवर ओतून म्हणाल्या, "दादा, साडी माझी मेहंदी, अन् हे अस्तर काय दिलंय?" धर्माबादच्या एका मॅडमनी फॉलचा फोटो पाठवून खाली फक्त प्रश्नचिन्ह टाकलं होतं. आठवडाभरात सात-आठ पिशव्या परत आल्या. मी कंपनीच्या रंगाला दोष दिला. मामानं मोबाइलला दोष दिला. म्हणाला, "बायकांच्या नजरा बिघडल्यात बघून बघून."

लग्नाच्या दिवशी अंतरपाट घडी करून, वरून पांढरं कापड गुंडाळून मी सरळ गुरुजींच्या हातात दिला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कार्यालयात स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे लावले होते, त्यावर सगळे विधी दिसत होते. मी व्हिडिओवाल्याला गाठून सांगितलं, "अंतरपाट धरला की जवळून घे. सावकाश. वरून खालपर्यंत."

नवरदेव पाटावर उभा राहिला. मामा नवरीला घेऊन आला, म्हणजे खरं तर नवरीच मामाला हाताला धरून घेऊन आली. गुरुजींनी घडी उलगडली आणि क्षणभर थबकले. मग दोघांनी टोकं धरून तो मध्ये ताणला. भरलेली बाजू बहिणीकडे होती. तिनं बघितलं आणि खाली मान घातली. तिचे खांदे हलायला लागले. मावशीनं पदर डोळ्यांना लावला, "पोरगी रडायलीय गं," असं कुणीतरी म्हणालं. मीही गहिवरलो.

तेवढ्यात मोठ्या पडद्यावर पहिला पोपट आला. पडदाभर. सभागृहातली कुजबुज एकदम थांबली. कॅमेरा सावकाश, मी सांगितलं होतं तसाच, चोचीवरून शेपटीपर्यंत गेला. पहिलं मंगलाष्टक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत कुठल्याशा चार-पाच वर्षांच्या पोरीचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"आई, पोपट भाजलेत का?"

मग जे हसू फुटलं ते गुरुजींनाही आवरेना. नवरदेवानं पलीकडून वाकून बघितलं आणि तोही हसायला लागला. मामा नवरीच्या मागे उभा राहून अभिमानानं सगळ्यांना सांगत होता, "आमच्या भाच्यानं केलंय, आमच्या भाच्यानं." मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "का हसून राहिलेत?" तो डोळे पुसत म्हणाला, "अहो, नारंगी पोपट, हिरव्या चोची, अन् आंब्याची पानं चॉकलेटी. कुणी केलंय हे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

अक्षरं तेवढी ठीक होती. निळी आणि पिवळी. ते दोन रंग मला दिसतात.

जेवणं झाल्यावर वडील माझ्याजवळ आले. मी हात धुण्याच्या जागेपाशी उगीच उभा होतो. त्यांनी ताटलीतला विडा उचलून माझ्यापुढे धरला. "हे पान कसल्या रंगाचं हाय?"

"हिरवं."

"पान असतंय म्हणून सांगायलास, का दिसतंय म्हणून?"

"रेल्वेत ह्याच्यामुळं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी विडा परत ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "दोन वर्षं झाली मी त्या माणसाशी बोललो न्हाई रे."

तिकीटबाबू काका लग्नाला आले होते. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच खुर्चीवर बसलेले. वडील पुढं आणि मी मागं, असे आम्ही त्यांच्यापर्यंत चालत गेलो. मी सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, उंची, वशिला, सगळं. काकांनी ऐकून घेतलं आणि वडिलांकडे वळून म्हणाले, "असं होय. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येईना झालंय. म्हणून मी आपलं फाटकाशी येऊन मोठ्यानं हाका मारायचो."

वडिलांना हसावं की रडावं कळेना. ते काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "जा. काकांना जिलेबी आण." मी आणली. नंतर आणखी दोन वेळा आणली.

नांदेडला परतलो तर आपा किनवटहून आल्या होत्या. मोबाइलवर अंतरपाटाचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "बोली थी ना, रंग मत भर."

"आपा, मला लाल-हिरवं कळत नाही," मी म्हणालो. दुसऱ्यांदा सांगताना जरा सोपं गेलं.

"मालूम है. पैले दिन लाल रीळ मांगी, तूने हरा दिया." त्यांनी मशीनला दोरा ओवता ओवता सांगितलं. "रोज शाम तक दस-बारा पिशव्या बदलते मी. अस्तर, फॉल, दोरा. तू बांधून ठेवतोस, मी उघडून बघते."

मला आधी कळेना. मग कळलं. फूटपाथवर ताईंनी निवडलेला तागा आत आणून बाकीच्या तिघांशेजारी ठेवला की कापताना माझा घोळ व्हायचा. दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी आपांच्या मशीनशेजारून जायची. त्या फॉल लावायच्या, रीळ टाकायच्या, गाठ मारायच्या. दोन वर्षं ज्या बारीक नजरेची कीर्ती धर्माबादपर्यंत गेली होती, ती जाड भिंगाच्या चष्म्यामागची होती. त्या दीड महिना किनवटला गेल्या आणि पिशव्या परत येऊ लागल्या, एवढं सरळ होतं सगळं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे बताना था तो तूच बोलता," आपा म्हणाल्या. "अन् तुला बोलताना मज़ा येत होता. 'थंड वाटतो.' " माझी मान तिरकी करायची नक्कल त्यांनी इतकी हुबेहूब केली की मी फळीकडे तोंड फिरवलं.

मामाला सांगितलं तेव्हा तो चिडला, पण माझ्यावर नाही. "म्हणजे दुकानात डोळे एकालाच, अन् ते बी भिंगाचे!" असं म्हणून तो जो उठला, तो पंधरा दिवसांत दोन वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आला. पट्टी निघाल्यावर त्याचं पहिलं काम म्हणजे अंतरपाटाचा फोटो मागवून बघणं. बघितला, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाला, "आन मी मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होतो."

बहिणीनं तो अंतरपाट टाकून दिला नाही. चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलाय. कुणी आलं की ती आधी पाणी देते, मग पोपट दाखवते. तिच्याकडे आलेल्या एका बाईंचं लातुरात बुटीक आहे. त्यांनी मला फोन करून उशांचे बारा अभ्रे मागितले. 'तोच कॉन्सेप्ट' पाहिजे म्हणाल्या. मला कॉन्सेप्ट म्हणजे काय ते विचारायचा धीर झाला नाही. आपांना शेजारी बसवून, एकेक लडी विचारून मी बारा अभ्रे भरले. बाईंनी ते परत पाठवले. पोपट हिरवे, चोची लाल आल्या होत्या. "अहो, असे तर कुठंही मिळतात. मला ते चुकलेले पाहिजेत," त्या म्हणाल्या. आता आली पंचाईत. चुकताना मी कोणते दोरे घेतले होते ते मला माहीत असायचं कारण नव्हतं. शेवटी फोटो बघून आपांनी माझी चूक जुळवून दिली. चुकीलासुद्धा मला मॅचिंग लागलं.

आता दुकानात मी आरीची चौकट सांभाळतो. तागे मामा काढतो. नवी बाई आली आणि रंग विचारला तर मी सरळ सांगतो, "मला दिसत नाही, मामांना विचारा." पहिल्या पहिल्यांदा बायका चपापायच्या. एकीनं तर काउंटरवरची स्वतःची साडी हळूच पिशवीत परत घातली होती. हल्ली कुणाला काही वाटत नाही. उमरीच्या त्या बाई येतात तेव्हा हातातलं फळ माझ्यापुढं धरून "हे काय हाय सांग बरं?" असं विचारायची त्यांची गंमत ठरलेली आहे. मी वास घेऊन सांगतो.

परवा एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई पांढऱ्या साडीवरचा पांढरा ब्लाउज घेऊन आल्या. त्यावर पांढऱ्याच रेशमाचं काम पाहिजे होतं, बाह्यांवर जाईची वेल. मी खुशीत हो म्हणालो. रंगाचा प्रश्नच नव्हता. सगळं काम टाका कुठल्या दिशेनं पडतो आणि त्यावर उजेड कसा सरकतो याचं होतं. आठ दिवस बसून भरलं. काल बाई आल्या, ब्लाउज हातात घेऊन दारातल्या उन्हात गेल्या, बोटांनी वेल चाचपली.

"काम छान आहे," त्या म्हणाल्या. "पण डाव्या बाहीवरच्या फुलांना पाकळ्या पाच आहेत आणि उजव्या बाहीवरच्यांना सहा."

मी मोजलं. खरंच होतं. आपांनी चष्मा वर करून दोन्ही बाह्या बघितल्या आणि कात्री माझ्याकडे सरकवली. बाईंना खुर्ची दिली, मामानं चहा सांगितला आणि मी उजवी बाही उसवायला घेतली.